मंजुरीशिवाय

माझी स्वतःची वेबसाइट आहे असं सांगितलं की लोक आधी विचारतात, काय विकता? काहीच विकत नाही म्हटलं की त्यांचा माझ्यातला रस संपतो. मी प्रोग्रामर आहे, आणि दिवसभर जे काम करते त्याबद्दल मराठीत लिहून माझ्या पत्त्यावर लावते, बस इतकंच. तिथे लाइकचं बटण नाही, वाचक मोजणारा आकडा नाही, खाली कमेंटचा रकाना नाही. पान उघडा, वाचा आणि आपल्या कामाला लागा. ऑफिसातली माझी मित्रमंडळी नोकरीधंद्याच्या एका मोठ्या साइटवर लिहितात. बढती मिळाली की 'नम्रपणे कळवतो' म्हणतात, आणि त्या नम्रतेवर अंगठ्यांचा पाऊस पडतो. मला त्याचा राग येतो. त्यातला थोडा मत्सर असेल, पण सगळा नाही. दुसऱ्याच्या अंगणात मांडव घालायचा आणि मालकाने तो उद्या उपटला की रडत बसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. माझं पान साधं आहे, थोडं कुरूपही आहे, पण त्यातली ओळन् ओळ मी हाताने लिहिलेली आहे.

मराठीत लिहायला लागले ते बाबांमुळे. मी जन्माने आणि वाढीने हैदराबादची. शाळा इंग्रजी, शेजार तेलुगू, रस्त्यावर हैदराबादी हिंदी आणि घरात आमचं नांदेडकडचं मराठी. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, वाचण्यात मात्र कच्ची होते. मराठी पेपरातली बातमी वाचताना माझं बोट ओळीवरून सरकायचं, आणि आई ते बघून हसायची. नोकरीला लागल्यावर काही महिन्यांनी बाबांनी विचारलं, "तू दिवसभर तिथं नेमकं काय करायलीस? कुणी विचारलं तर मी काय सांगू?" मी तोंडी सांगायचा प्रयत्न केला. दोघांच्याही तोंडाला फेस आला. शेवटी म्हटलं, लिहूनच देते. तो माझा पहिला मराठी लेख. तो लिहिताना मला घाम फुटला, पण वाचून बाबा म्हणाले, "आता समजलं. पुढचं सांग." त्या 'पुढचं सांग'वर माझी वेबसाइट उभी राहिली.

बाबा सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेले. नल्लकुंट्याच्या घरी सकाळचा चहा झाला की ते टॅबलेट मांडीवर घेतात आणि माझा नवा लेख आला असेल तर तो वाचतात. मी हैदराबादमध्येच, पण वेगळी, दिलसुखनगरला राहते. ऑफिसला निघायच्या घाईत माझा फोन वाजतो. "तिसऱ्या परिच्छेदात सर्व्हर म्हणजे काय ते सांगितलंच नाहीस. वाचणाऱ्यानं काय समजायचं?" मी एका पायात चप्पल घालून उभी असते. कमेंटचा रकाना नाही असं मी वर म्हटलं ते तितकंसं खरं नाही. आहे, पण तो फोनवर आहे आणि त्यात एकच माणूस बोलतो.

मग तो लेख आला. आमच्या ऑफिसात एक फार जुना कोड होता. तो लिहिणारे कधीच सोडून गेले होते. तो करतो काय ते कुणाला नीट माहीत नव्हतं, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी कित्येक आठवडे त्याच्या मागे लागून सिद्ध केलं की तो आता काहीच करत नाही, फक्त वाटेत पडून आहे. आणि एका दुपारी तो सगळाच्या सगळा पुसला. काही पडलं नाही, काही मोडलं नाही, उलट सगळं भराभर चालायला लागलं. टीमने मला चहा पाजला. मी घरी येऊन एका बैठकीत लेख लिहिला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "आज मी ऑफिसातलं कित्येक वर्षांचं काम पुसून टाकलं, आणि इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, टॅबलेट बिघडला असेल. मग आईचा फोन आला. आवाज दबलेला.

"तुझे बाबा दोन दिवस झाले नीट जेवेनात. काल काचीगुड्याला वकीलकाकांकडे जाऊन आले. तू ऑफिसात काय करून बसलीस?"

"मी काय केलं?"

"मला काय माहीत. तू म्हणे काहीतरी पुसलीस."

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. नल्लकुंट्याला पोचले तर बैठकीच्या खोलीत सभाच भरलेली. बाबा खुर्चीत ताठ बसलेले, आणि समोर वकीलकाका. हे काचीगुड्याच्या जुन्या वकील घराण्यातले, बाबांचे तरुणपणापासूनचे मित्र, त्यांचं मराठी अर्धं उर्दूत चालतं. टेबलावर माझ्या लेखाची छापील प्रत होती. तिच्यावर लाल पेन फिरलेलं. 'आनंद' या शब्दाखाली तर दोन रेघा. आणि शेजारी एक टाइप केलेला कागद, त्यावर माझं नाव.

"हे काय आहे?"

"खुलासा," बाबा म्हणाले. "नोटीस यायच्या आधी आपलं उत्तर तयार पाहिजे."

तो कचेरीच्या इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर असा: सदर कर्मचारी हिच्याकडून झालेली कृती ही कामाच्या ताणामुळे अनवधानाने झालेली असून त्यामागे कोणताही दुर्हेतू नव्हता, तसेच लेखातील 'आनंद' हा शब्द भावनेच्या भरात वापरण्यात आलेला असून त्याचा शब्दशः अर्थ घेण्यात येऊ नये. मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबा हसले नाहीत. मग मलाही हसू आवरावं लागलं.

मी समजावलं. म्हटलं, भिंतीत जुनी वायर तशीच सोडलेली असते, ती कुठेच जात नाही, दिवा लावत नाही, पण उद्या कुणी खिळा ठोकला तर काय होईल ते सांगता येत नाही. मी ती वायर काढली. साहेबांनी शाबासकी दिली. नोटीस कसली? वकीलकाकांना लगेच पटलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "म्हणजे मामला फौजदारी नाहीये. मुबारक हो. वहिनी, आता चहा चालेल."

बाबांना पटलं नाही. "पण पुसलीस ना?"

"हो."

"आन आनंद झाला."

"झाला."

 मग बोलले ते हळू आवाजात, आणि मला ओरडले असते तर बरं झालं असतं. "माझ्या बापाच्या शाळेची एक नोंद निघाली म्हणून मला दाखला मिळाला. निजामाच्या काळची, उर्दूतली एक ओळ. वकीलसाहेबांच्या वडलांनी वाचून दिली. दाखला मिळाला म्हणून नोकरी, नोकरी मिळाली म्हणून तुझी शाळा. कुणीतरी रद्दी समजून ती ओळ फेकली असती तर आपण कुठं राहिलो असतो, सांग. पुढं माझ्या हाताखाली तसे हजारो कागद आले. एक साहेब आले आन म्हणाले, जागा होईना, जुनी कागदांची बस्तानं भंगारात काढा. मी म्हणलं, लेखी द्या साहेब. दिलं नाही. कागद राहिले. मी जन्मभर तेवढंच केलो. आन माझी पोरगी जगाला सांगायली की पुसण्यात मजा आहे."

मग म्हणाले, "काढ तो लेख."

आमच्या घरात बाबांनी मला कधी काही करू नको म्हटलेलं नाही. रात्रीची शिफ्ट, स्कूटर, लग्नाआधी वेगळं राहणं, सगळ्याला हो म्हणाले होते. हा पहिला नकार, आणि तो नेमका माझ्या लिहिण्यावर.  माझ्या वेबसाइटचा एकच कायदा आहे. एकदा लावलेलं पान त्या पत्त्यावर कायम राहणार. चुकलं तर खाली दुरुस्ती लिहीन, पण पान उतरवणार नाही, कारण कुणीतरी कुठेतरी त्याचा पत्ता जपून ठेवलेला असतो. हा कायदा आज मोडला तर पुढचा प्रत्येक लेख मी भीत भीत लिहिणार, हे मला तिथेच कळलं. आणि नाही मोडला, तर सकाळचा फोन कायमचा बंद. ज्याच्यासाठी लिहायला लागले तोच वाचणार नसेल, तर त्या पत्त्याचं मी काय करू?

माझा स्वभाव तापट आहे, आणि भीती वाटली की तो जास्तच तापतो. मी म्हटलं, "बाबा, तो प्रसिद्ध झालेला कागद आहे. तारखेनिशी. तुम्ही तो नष्ट करायला सांगताय. तर मग लेखी द्या."

वकीलकाकांनी मांडीवर थाप मारली. "लाजवाब. आता बोला."

 बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या लाल रेघांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. रेकॉर्ड विभागातला माणूस नष्ट करण्याचा लेखी हुकूम देणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होतं. "चहा घे," ते म्हणाले.

ती संधी मी सोडली नाही. लॅपटॉप उघडून त्यांच्याशेजारी बसले. ऑफिसचा कोड बाहेर दाखवता येत नाही, म्हणून माझ्याच वेबसाइटचा इतिहास काढला. आमच्या धंद्यात पुसलेलं कायमचं जात नाही. प्रत्येक बदल नोंदला जातो: काय बदललं, कुणी, कधी, आणि सोबत एक ओळ, का बदललं. पुसलेलं काहीही परत काढता येतं. बाबा वाचायला लागले. सुरुवातीला आपल्याला समजणार नाही अशा थाटात, आणि मग चष्मा पुढे ओढून. मी उठून आईला भाजी निवडायला मदत केली, परत आले, तरी ते खालून वर, वरून खाली वाचतच होते.

"हे काय?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'बाबांच्या सांगण्यावरून सर्व्हरचा अर्थ घातला.' खाली आणखी एक, 'बाबांना उदाहरण पटलं नाही, बदललं.' त्याखाली, 'बाबा म्हणतात शेवट घाईचा झाला. खरं आहे.' आणि अशा कितीतरी, पार पहिल्या लेखापर्यंत. फोनवर बोललेलं हवेत विरून जातं असं त्यांना वाटत होतं. मी एकही सूचना सोडली नव्हती. हे काही मी प्रेमाने केलं नव्हतं. का बदललं ते लिहायची मला सवय आहे, आणि खरं कारण तेच होतं. पण त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

बाबा बराच वेळ त्या ओळींवरून वर-खाली जात राहिले. मग म्हणाले, "आन हे 'किरकोळ बदल' काय आहे? किरकोळ हे कोण ठरवलं? असा शेरा आमच्याकडं चालला नसता." मी म्हटलं, बरोबर आहे. मग ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही नष्ट करत नाही, जागा बदलता. हे आधी लेखात सांगायला पाहिजे होतं. पण तुझ्या आनंदाचं मला अजूनबी पटलेलं नाही."

"मग उत्तर लिहा. मी छापते. माझ्याच पानावर, माझ्या लेखाच्या शेजारी. माझ्याविरुद्ध."

"माझं कोण वाचतं?"

"माझं तरी कोण वाचत होतं?"

पुढच्या आठवड्यात सकाळचा फोन परत सुरू झाला, पण तो माझ्या लेखाबद्दल नव्हता. एका वाक्यात किती मुद्दे घ्यावेत, विरोधकाचा उल्लेख कसा करावा, 'माझी मुलगी' म्हणावं की 'लेखिका'. आई सांगायची, गच्चीत फेऱ्या मारतात, मध्येच थांबतात, खाली येऊन दोन शब्द खोडतात. नंतरच्या रविवारी ते स्वतः दिलसुखनगरला आले. रिक्षातून उतरले ते हातात फाइल घेऊन. आत मसुदा होता, सुबक अक्षरात, प्रत्येक पान उभं दुमडून अर्धी बाजू कोरी सोडलेली.

"ही बाजू कशाला?"

"शेऱ्यासाठी. कुणी काही बदल सुचवलं तर." ते सहज म्हणाले, आणि मग त्यांनाच काही सुचल्यासारखं झालं. "मंजुरी कुणाची घ्यायची?"

"कुणाचीच नाही."

"तुझी तरी?"

"मी फक्त लावणारी. मजकूर तुमचा."

"आसं कसं? कुणीतरी बघितलं पाहिजे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी जन्मभर लिहिलं होतं. पत्रं, टिपणं, उत्तरं, अहवाल. कचेरीतली सगळी अवघड पत्रं त्यांच्याकडे यायची हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. त्यांचं एक टिपण परिपत्रक होऊन सगळ्या जिल्ह्यांना गेलं, हे ते नेहमी हसत सांगत. पण सही साहेबांची. मसुदा यांचा आणि सही दुसऱ्याची, शेवटच्या दिवसापर्यंत. त्यांच्या लेखणीतलं एक वाक्यसुद्धा त्यांच्या नावाने कधी बाहेर गेलं नव्हतं. खुल्या इंटरनेटवर कुणाला विचारावं लागत नाही, असं मी कितीतरी लेखांत मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. त्याचा अर्थ काय असतो हे मला त्या दुमडलेल्या कागदाने शिकवलं.

मी टाइप करत होते, ते पाठीमागे उभे राहून बघत होते. एक वाक्य लांब वाटलं म्हणून मी म्हटलं, तोडू का? "नक्को," ते म्हणाले. "ते तसंच पाहिजे." मी तोडलं नाही. त्यांनी लिहिलं होतं: 'पुसणे कधी कधी आवश्यक असते, हे मान्य आहे. आम्हीही नियमानुसार कागद नष्ट करत होतो. पण पुसणाऱ्याचा हात जड असावा. ज्यांची नोंद कुणी ठेवलीच नाही त्यांना विचारा, म्हणजे लेखिकेला झालेला आनंद किती स्वस्त आहे ते कळेल.' माझ्याच पानावर, माझ्याच बोटांनी, माझाच आनंद स्वस्त निघाला होता. आणि तो लेख माझ्यापेक्षा चांगला होता. मी ते तोंडावर सांगितलं. "आहेच," बाबा म्हणाले.

"खाली काय लिहू? निवृत्त अधीक्षक?"

त्यांनी विचार केला. फाइल बंद केली, परत उघडली. "नको. नुसतं नाव."

मी नाव टाइप केलं आणि उठून त्यांना खुर्ची दिली. शेवटचं बटण त्यांनी दाबलं, टाइपरायटरवर दाबायचे तसं जोर लावून. पान लागलं. त्यांना ते खरं वाटेना. "हे तुझ्या मशीनवर दिसायलंय. दुसऱ्याला दिसतं का?"

"जगाला दिसतं."

"जगाचं राहू दे. वकीलसाहेबांना दिसतं का बघ."

फोन लावला, स्पीकरवर टाकला. काकांना पत्ता एकेक अक्षर सांगावा लागला, दोनदा चुकला, एकदा ते कुठल्या तरी साड्यांच्या दुकानात पोचले. मग म्हणाले, "हां, आलं." आणि न सांगता मोठ्याने वाचायला लागले. कोर्टातला आवाज, एकेका वाक्याला वजन देत. बाबा टेबलाला हात टेकून उभे होते. 'हात जड असावा'ला काका थांबले, "वाह" म्हणाले, आणि पुढे गेले. बाबांनी मान खाली घातली. त्यांचं वाक्य काचीगुड्याहून परत येत होतं, आणि वाटेत कुणी त्याला हात लावलेला नव्हता.

काका शेवटापर्यंत आले. "आणि खाली तुमचं नाव."

"आणखी कुणाचं?"

"आणखी कुणाचंच नाही."

बाबांनी खुर्ची ओढली, बसले, आणि फोन स्वतःजवळ घेतला. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "पहिल्यापासून वाचा. जरा सावकाश."